काळी चारमधलं गाणं गिटारवर कसं धरायचं? एफ कॉर्डपाशी अडकले आहे

मिरजेची पेटीवाली

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी मिरजेची, वय ४८. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात बावीस वर्षं पेटी वाजवते आणि गातेही. माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. जाऊबाई गायला बसल्या की काळी पाच. गिटारशी ओळख यंदाच्या पाडव्यापासूनची. मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तिची गिटार कपाटावर तशीच राहिली. एक दिवस खाली काढली, पुसली, सहज एक तार छेडली. पेटीत भाता थांबला की सूर तिथंच संपतो. इथं हात काढल्यावरही सूर खोलीत राहिला आणि सावकाश विरत गेला. तो ऐकत मी तशीच उभी होते. त्या दिवसापासून ही शिकायचीच, असं मनानं घेतलंय.

गावातल्या एका क्लासला दोन महिने गेले. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पेटीवरचं सगळं विसरा, सारेगम इथं चालणार नाही, इंग्रजी नावं पाठ करा. पाठ केली. पण बावीस वर्षं कानात मुरलेलं सारेगम काढून ठेवू कुठं? काही विचारलं की उत्तर एकच, ‘ते पुढच्या लेव्हलला.’ शेवटी क्लास सोडला.

आता अडचणी सांगते. एका भावगीताच्या कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) नेटवर मिळाल्या: सी, ए मायनर, एफ, जी. पहिल्या दोन येतात, जीही येते. एफला पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या, तिथं माझी दुसरी तार मुकी राहते आणि पहिली नुसती टकटक करते. तीन महिने रोज संध्याकाळी वीस मिनिटं तेच करतेय. मनगट दुखायला लागलंय.

दुसरं म्हणजे या कॉर्डवर गायला गेलं की सा पांढरी एकला येतो. अंतऱ्यात वर चढायला जमतं, पण ध्रुवपदात इतकं खाली उतरावं लागतं की आवाजच फुटत नाही. पेटीवर मी नुसती पट्टी बदलते. गिटारवर पट्टी कशी बदलायची?

तिसरं, कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो. गायला लागले की दोन्ही हात थांबतात. केरवा ताल माझ्या अंगात आहे, झोपेतून उठवलं तरी टाळ बरोबर पडेल. मग हात का अडखळतो?

आणि शेवटचं, फोनवरच्या ट्यूनरनं गिटार मिळवली तरी पेटीबरोबर बेसूर वाटते. दोन्ही एकत्र वाजवायला घेतलं की कान दुखतात.

कोजागिरीला पाच आठवडे आहेत. गच्चीवर मंडळाच्या बायका जमतात, दूध आटेपर्यंत गाणी होतात. तिथं एक भावगीत आणि शेवटची भैरवी एवढं गिटारवर धरायचं आहे. होईल का?

---

निनाद पुणेकर

काकू, नक्की होईल! मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं वाजवतोय. एफसाठी सध्या सोपा एफ घ्या. (तारा बारीककडून मोजायच्या, सहावी सगळ्यात जाड; फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर दुसरा, आणि पहिल्या बोटाच्या टोकानं फक्त दुसरी तार पहिल्या फ्रेटवर. पहिली तार मोकळी सोडायची, जाड दोन तारा वाजवायच्याच नाहीत. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात, बहुतेक गाण्यांत एफच्या जागी खपून जाते.

कॉर्ड बदलायचा सराव मी असा करायचो. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि दोनच कॉर्ड्समध्ये जा-ये करत किती वेळा बदल स्वच्छ झाले ते मोजायचं. सुरुवातीला माझे बारा व्हायचे, महिनाभरात चाळीसच्या वर गेले. आणि सलग वीस मिनिटं एकच गोष्ट करण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं दिवसातून चार वेळा करा. मनगट दुखलं तर त्या दिवशी तिथंच थांबा.

---

इचलकरंजीचा ऑर्केस्ट्रावाला

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. गणपतीत दहा रात्री सलग, लग्नसराई वेगळी. आमच्याकडं गायक स्टेजवर चढता चढता कानात सांगतो, ‘काळी दोन’, आणि चार मोजेपर्यंत गाणं सुरू. ‘डी शार्प मेजर’ असं मला आजवर एकाही गायकानं सांगितलेलं नाही. तेव्हा पेटी विसरा म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. तुमच्याकडं जे आहे तेच खरं भांडवल आहे. मी गिटार आधी शिकलो आणि सारेगम नंतर, मला उलटा रस्ता कापावा लागला. फार वर्षं गेली त्यात.

आधी पट्टीचं बघू, कारण त्यातच तुमच्या एफचा निकाल आहे.

पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत काळ्या-पांढऱ्या धरून बारा पट्ट्या. गिटारच्या कुठल्याही एका तारेवर तसेच बारा फ्रेट. एक फ्रेट म्हणजे एक पट्टी, काळी असो की पांढरी. बारावा फ्रेट बरोबर तारेच्या निम्म्यावर असतो आणि तिथं तोच सूर एक सप्तक वर मिळतो. मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडं अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. एवढं कागदावर लिहून पेटीवर चिकटवा.

आता कॉर्ड. एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, अशानं तीन सूर एकत्र वाजले की कॉर्ड झाली. सा-ग-प. म-ध-सा. प-नी-रे. हे तिघं मेजर. ध-सा-ग धरलं की मायनर. फरक पेटीवर बोटं ठेवून मोजा. सा पासून ग चार पट्ट्यांवर, पण ध पासून सा तीनच पट्ट्यांवर. ती एक पट्टी कमी झाली की कॉर्डचा चेहरा उतरतो, डोळे भरून आल्यासारखा. रे आणि ग वरच्या कॉर्डही अशाच मायनर. शुद्ध सुरांच्या गाण्याला याहून जास्त थिअरी पहिली दोन वर्षं लागत नाही.

तुमच्या भावगीतात सी म्हणजे सा, ए मायनर म्हणजे ध, एफ म्हणजे म, जी म्हणजे प. इंग्रजी नावं खोडा आणि गाण्याच्या ओळींवर सा, ध, म, प असं लिहा. एकदा असं लिहिलं की गाणं कुठल्याही पट्टीत उचलून नेता येतं.

तुमची काळी चार म्हणजे जी शार्प. सा जी वर धरा. मग सा ची कॉर्ड जी, ध ची ई मायनर, म ची सी आणि प ची डी. चारही मोकळ्या तारांच्या कॉर्ड, एफ कुठंच नाही! आता पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, शंभर-दीडशेत साधा मिळतो, तीन-चारशेत चांगला. सगळं एक पट्टी वर चढलं, जी ची झाली जी शार्प. तुम्ही काळी चारमध्ये गाताय, बोटं मात्र जीचीच. जाऊबाई आल्या की कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, झाली काळी पाच. बोटं तीच.

आता एक गोष्ट सांगतो ती मिरजेच्या माणसाला लगेच पटेल. जी कॉर्ड अशी धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, पहिलं बोट पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसरा आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसरा. आता सी ला जाताना अनामिका आणि करंगळी हलवायचीच नाही. फक्त पहिली दोन बोटं एकेक तार खाली आणा, म्हणजे मधलं पाचव्या तारेवर, पहिलं चौथ्या तारेवर. ई मायनरला तीच दोन बोटं दुसऱ्या फ्रेटवर पाचव्या-चौथ्या तारेवर टेकवा. वरची दोन बोटं अजून तिथंच. ती दोन बोटं कुठल्या सुरांवर आहेत ते पेटीवर बघा. सा जर जी असेल तर दुसऱ्या तारेवर प आणि पहिल्या तारेवर सा. म्हणजे खाली कॉर्ड बदलत राहतात आणि वर तुमचा तानपुरा चालू राहतो. हे मला बाविसाव्या वर्षी एका लग्नात जेवणाच्या पंगतीआधी वाजवता वाजवता कळलं. त्या रात्री घरी येऊन परत परत तेवढंच वाजवत बसलो होतो.

डी ला करंगळी उचलावी लागते. तिसऱ्या तारेवर पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटला, पहिल्या तारेवर मधलं बोट दुसऱ्याच फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर होती तिथंच. आधी करंगळी ठेवून वाजवा, मग उचला. वरचा सा सुटून नी ऐकू येईल. ओळ संपताना तेवढं केलं तरी ऐकणारे मान डोलवतात.

कुठल्या ओळीला कुठली कॉर्ड, हे नेटवर शोधूच नका. ओळ ज्या सुरावर थांबते तो सूर ज्या कॉर्डमध्ये आहे ती वाजवून बघा. ग वर थांबली तर सा ची कॉर्ड किंवा ध ची. दोन्ही वाजवा, गाण्याच्या शब्दाला कुठली शोभते ते तुमचे कान सांगतील.

एफ शिकायची नाही असं मी म्हणत नाही, पण तिचंही एक गुपित आहे. आडव्या बोटाला सहा तारा दाबायच्याच नसतात! पाचवी, चौथी, तिसरी या तारा बाकीची बोटं दाबतात. आडव्या बोटाच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच. ते बोट तळव्याकडून सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, तिथं हाड लागतं आणि कमी जोरात तार दबते. कोपर पोटाजवळ आणा. मनगट दुखतंय याचा अर्थ तुम्ही अंगठ्यानं चिमटा काढताय.

शिवाय गिटारचाही दोष असू शकतो. शाळेची मोजपट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेचं अंतर मोजा. फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. आणि तोच एफचा आकार वर सरकवून पाचव्या फ्रेटवर दाबून बघा. तिथं सहज जमला आणि पहिल्या फ्रेटवर जमत नाही, तर डोक्याकडच्या नटाच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत. काय निघतं ते इथं लिहा.

पेटीबरोबर बेसूर वाटतं कारण ट्यूनर मधली पांढरी सहा ४४० कंपनांची धरून बसलेला असतो. तुमची पेटी जुनी असेल तर ती थोडी चढी किंवा उतरती असणारच. गिटार पेटीवरून मिळवा. पेटीची पांढरी सहा कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि पाचवी तार छेडा. सप्तक वेगळं असलं तरी चालतं. दोन सुरांत फरक असला की आवाज वांव-वांव-वांव असा लहरतो. खुंटी फिरवत जा. लहर मंदावत मंदावत थांबली की तार मिळाली. मग बाकीच्या तारा तशाच. तुम्हाला यात शिकवण्यासारखं काही नाही म्हणा, भजनाआधी तबला मिळवताना हेच ऐकत असाल.

---

धा धिं ना, डोंबिवली

मी तबल्याचा माणूस, गिटारचं मला फार कळत नाही. मुलगा वाजवतो आणि मी शेजारी बसून ठेका धरतो. हाताच्या अडचणीवर मात्र लिहितो, कारण त्याचीही हीच अडचण होती आणि ती आम्ही केरव्यानंच सोडवली.

केरव्याच्या आठ मात्रा. धा गे ना ति, न क धि ना. उजवा हात पंख्यासारखा सतत खाली-वर, खाली-वर जात राहायला हवा. एक, तीन, पाच, सातला हात खाली. दोन, चार, सहा, आठला वर. हात कधीच थांबायचा नाही, तारांना लागो न लागो. गिटारवाल्यांचा सगळ्यात नेहमीचा ठेका म्हणजे यातल्या दोन मात्रा गाळलेला केरवा. दुसरी आणि पाचवी. तोंडानं म्हणत वाजवा: धा, (गे मनात), ना ति, (न मनात), क धि ना. मनात म्हणताना हात हवेतून जातो, तारांना स्पर्श करत नाही.

आता पाचवी मात्रा कुठली ते आठवा. खालीची. जिथं आपण टाळी न देता हात मोकळा फिरवतो, तिथंच गिटारवरही हात मोकळा फिरतो. मुलाला मी हे दाखवलं तेव्हा त्याचे डोळे चमकले आणि त्यानंतर तो ठेका कधी चुकला नाही.

कॉर्ड बदलायची ती समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला. पण डाव्या हाताची बोटं आठव्या मात्रेलाच उचला. त्या ‘ना’ ला मोकळ्या तारा वाजल्या तरी वाजू देत, कुणाला खटकत नाही, आणि बोटांना पुढच्या जागी बसायला अख्खी मात्रा मिळते. गिटारवाले बहुतेक याच पळवाटेनं चालतात, नीट ऐकलंत तर जाणवेल.

पहिला आठवडा डावा हात वापरूच नका. तळव्यानं तारा हलक्या झाकून नुसती खरखर वाजवत भजन म्हणा. गळा आणि उजवा हात एकत्र चालायला लागले की मगच कॉर्ड धरा. तीन गोष्टी एकदम जोडायला गेलात म्हणून सगळं थांबतंय.

गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात असेल तर त्याहून सोपं. धा धी ना, धा ती ना. एक आणि चारला अंगठ्यानं जाड तार, मधल्या मात्रांना बोटांनी बारीक तारा. जी कॉर्डला पहिल्या धा ला सहावी तार, दुसऱ्या धा ला चौथी. वरच्या दादांच्या हिशेबानं ते सा आणि प होतात.

---

स्वरसाधना, ठाणे

मी शास्त्रीय गायन शिकवते. वरचं सगळं वाचून आनंद झाला, तरी एक मनापासून सांगायचं आहे. भावगीत ठीक, पण भैरवीला कॉर्ड लावू नयेत असं मला वाटतं. आपलं गाणं एका सा वर उभं असतं. कॉर्ड बदलली की पायाखालची जमीनच हलते आणि कोमल रिषभाचा (उतरलेल्या रे चा) जो ताण सा मुळे निर्माण होतो तो नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट सुरांच्या जागांची. गिटारचे फ्रेट सारख्या अंतराच्या बारा स्वरांवर बसवलेले असतात. तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार (ग) त्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे पेटीच्या एका पट्टीच्या सातव्या हिश्शाएवढा. ऐकायला लहान वाटतं, पण त्या सुरावर लांब न्यास केला, म्हणजे थांबलं, की टोचतं. पेटीवरही हाच आक्षेप होता आणि हे एक मोठं कारण होतं की १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती १९७१पर्यंत. ताई, तुमचा कान तयार आहे. तो बिघडू देऊ नका एवढंच म्हणणं.

---

मिरजेची पेटीवाली

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण वाचत होते आणि लगेच करून बघत होते. काल रात्री साडेअकरापर्यंत जी-सी-जी-सी चाललं होतं, घरचे झोपले तरी.

ऑर्केस्ट्रावाले दादा, तुम्ही सांगितलेली दोन बोटं ठेवून जेव्हा पहिल्यांदा खालची कॉर्ड बदलली तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. प आणि सा वर तसेच लागलेले आणि खालून म आला. ज्या सुरांना मी बावीस वर्षं एकेक करून बोट लावलं ते असे एकमेकांना टेकून उभे राहतात हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

मोजपट्टी लावली. बाराव्या फ्रेटवर साडेतीन मिलिमीटर निघाले. पाचव्या फ्रेटवर आकार धरून पाहिला तर तिथंही दाबायला तेवढाच त्रास. म्हणजे नटाचा दोष नसावा, बरोबर ना?

स्वरसाधनाताई, तुमचं म्हणणं मला पटतं आणि पटतही नाही. भैरवीत सा हलता कामा नये हे शंभर टक्के खरं. पण मग गिटार बाजूला ठेवून बसायचं? आमच्या मंडळात भैरवीनंच शेवट होतो आणि मला नेमकी तीच धरायची आहे. काही मार्ग असेल तर सांगा.

---

इचलकरंजीचा ऑर्केस्ट्रावाला

बरोबर ताई, नट ठीक आहे, सॅडल उंच आहे. सॅडल म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली ती पांढरी पट्टी. सॅडल जेवढी घासाल त्याच्या निम्मं बाराव्या फ्रेटवर उतरतं. तुम्हाला एक मिलिमीटर उतरवायचं आहे, म्हणजे सॅडलची खालची बाजू दोन मिलिमीटर घासायची. वरची गोलाई घासायची नाही. तुमच्या गावात तारेच्या वाद्याला हात लावणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांच्याकडं न्या. जाताना १० नंबरच्या बारीक तारांचा सेट पण घ्या, बोटांना त्रास कमी.

आता भैरवी. स्वरसाधनाताईंनी सांगितलं ते मी मानतो, आणि त्यात बसेल असाच मार्ग सांगतो. सा ई वर धरा. मोकळी सहावी तार सा, मोकळी पहिली तार पण सा. कॅपो चौथ्या फ्रेटवर, म्हणजे परत तुमची काळी चार. सा ची कॉर्ड ई मायनर: सा, कोमल ग, प. आता कोमल रे वर कॉर्ड बांधा: कोमल रे, म, कोमल ध. ही निघते एफ. तीच तुमची एफ! पण इथं पूर्ण एफ घ्यायचीच नाही. निनादनं पहिल्या उत्तरात जी सांगितली ती घ्या, पहिली तार मोकळी सोडून. ती मोकळी तार सा आहे. म्हणजे कोमल रिषभ खाली उभा आणि वर सा तसाच वाजतोय, दोघांमधला ताण जसाच्या तसा. स्पेनमधले फ्लॅमेन्को वाजवणारे याच जागी, ई आणि एफच्या मधे, सगळा जीव ओततात.

एवढ्या दोनच कॉर्ड ठेवा, मधे कुठं गरज पडली तर म ची, म्हणजे ए मायनर. आणि स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवणं, करू नका. अंगठ्यानं सहावी तार (ती इथं सा आहे, म्हणून एफलाही चालते), मग बोटांनी एकेक बारीक तार, तानपुरा छेडल्यासारखं. गाणारा लांब सूर लावत असेल तेव्हा ग ची तार वाजवूच नका, नुसता सा आणि प. मग १४ सेंटचं भांडणच राहत नाही.

---

स्वरसाधना, ठाणे

सा वाजता ठेवून कोमल रिषभ, हे ऐकायला मला आवडेल. माझा आक्षेप मागे घेते. फक्त गाण्याआधी दोन मिनिटं तानपुऱ्याबरोबर सा लावून घ्या, गिटारबरोबर नको.

---

मिरजेची पेटीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय.

गिटार सतारमेकर गल्लीत नेली. ज्यांच्याकडून आमच्या मंडळाचा तानपुरा दुरुस्त करून आणतो त्याच काकांकडं. आधी म्हणाले, हे आमचं वाद्य नाही. मग हातात घेतली, कानाशी नेऊन एक तार छेडली आणि सॅडल काढून बघत बसले. काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यावर सॅडलची खालची बाजू घासायचे, बसवायचे, तार ताणायचे, परत काढायचे. असं सहा-सात वेळा. एकदा सहावी तार फ्रेटला घासून झणझणली, तर हसून म्हणाले, ‘बघा, जवारी लागली. तानपुऱ्यावर याच झणझणीसाठी लोक माझ्याकडं येतात, आणि इथं ती नको म्हणता!’ तेवढ्यावर सॅडलखाली कागदाची एक पट्टी सरकवली आणि झणझण थांबली. आता अडीच मिलिमीटर आहे. बारीक तारा लावल्या. मनगट दुखायचं थांबलं.

डोंबिवलीच्या दादांनी सांगितलेलं आठवडाभर तसंच केलं, तारा झाकून नुसती खरखर. घरच्यांना वाटलं गिटार बिघडली. पण गेल्या गुरुवारी भजनात पहिल्यांदा चार कॉर्डचं भावगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले आणि हात थांबला नाही. खालीच्या मात्रेला हात आपोआप हवेतून जातो आता. दुसऱ्या कडव्यात सी ऐवजी डी लागली एकदा, तरी ठेका सुटला नाही म्हणून पुढच्या ओळीला सावरलं.

भैरवी अजून मंडळात वाजवलेली नाही. घरी मुलीला फोनवर ऐकवली. ती काही बोललीच नाही थोडा वेळ, मग म्हणाली, आई परत वाजव.

एकच अडचण राहिलीय. जाऊबाई म्हणाल्या, माझंही एक धर. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावला की पहिल्या दोन तारा चढ्या वाटतात. आणि कोजागिरी गच्चीवर आहे, रात्री उशिरापर्यंत. गार हवेत तारांचं काय होईल?

---

इचलकरंजीचा ऑर्केस्ट्रावाला

ताई, लई भारी वाटलं वाचून.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागं चिकटून लावा, दोन फ्रेटच्या मधोमध नको. मधोमध लावला की तार जास्त दबते आणि सूर चढतो. स्प्रिंग फार कडक असेल तर तो पण तारा ताणतो, तेव्हा दुकानात स्क्रूवाला मागा, हवा तेवढाच आवळता येतो. आणि प्रत्येक वेळी कॅपो हलवला की परत मिळवून घ्या. आधी जाऊबाईंची गाणी सलग, मग तुमची सलग, असं ठरवलंत तर भैरवीपर्यंत दोनदाच मिळवावं लागेल. भैरवीला चौथ्यावर न्यायचा आहेच, ती शेवटी.

गार हवेत स्टीलच्या तारा आकसतात आणि सूर चढतो. घरात मिळवून वर नेली तर पहिल्याच गाण्याला बेसूर. पेटी आणि गिटार दोन्ही अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन उघडी ठेवा, मग तिथंच पेटीवरून मिळवा. दुधाच्या चुलीपासून लांब बसा, एका बाजूनं ऊब लागली की तारा उतरत राहतात. आणि मांडीवर एक सुती फडकं ठेवा. बारानंतर दव पडायला लागतं, प्रत्येक गाण्यानंतर तारा पुसून घ्या.